स्क्रीनची फ्रेम स्वतः ताणावी की बाहेरून ताणून घ्यावी?

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर, ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापतात. त्यात दोन रंगांचे काठ जुळेनासे झाले, बारीक अक्षरं भरून आली किंवा छपाईनंतर जाळी मालावरून (ज्यावर छापायचं त्या वस्तूवरून) उशिरा सुटायला लागली, की पहिला संशय शाईवर जातो, मग इमल्शनवर (जाळीवर चित्र तयार करणाऱ्या प्रकाशसंवेदी थरावर), मग स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) धरणाऱ्याच्या हातावर. जाळीचा ताण तपासायची आठवण सगळ्यांत शेवटी होते. बहुरंगी कामात तर ताणाचाच हिशोब सगळ्यांत आधी करायला हवा. जाळी सैल असली की ती मालावरून चटकन सुटावी म्हणून स्क्रीन आणि माल यांच्यातलं अंतर वाढवावं लागतं. अंतर वाढलं की स्क्वीजीखाली जाळी जास्त खाली दबते आणि चित्र किंचित लांबून उमटतं. एकाच कामाच्या चार फ्रेम्सचा ताण चार प्रकारचा असेल तर चारही रंग वेगवेगळ्या प्रमाणात लांबतात. मग रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जागा) कितीही जुळवा, एका कोपऱ्यात जुळतं आणि समोरच्या कोपऱ्यात सुटतं.

म्हणून फ्रेम स्वतः ताणायची की बाहेर द्यायची, हे फक्त खर्चावर ठरवू नये. ठरलेला ताण, प्रत्येक फ्रेमवर, प्रत्येक वेळी कुठून मिळेल, हे आधी पाहावं.

पहिली खरेदी: ताणमापक

निर्णय कोणताही घ्या, ताणमापक स्वतःचा हवा. बाहेरून ताणून आलेली फ्रेम सांगितल्याप्रमाणे आहे का, हे त्याच्याशिवाय कळत नाही आणि स्वतः ताणताना कुठे थांबायचं, हेही नाही. पुष्कळ जण जाळीवर बोटाने टिचकी मारून आवाजावरून अंदाज घेतात. तो फसवा असतो. ताण तोच असला तरी मोठ्या फ्रेमचा आवाज खालच्या पट्टीत येतो आणि लहान फ्रेमचा वरच्या.

ताण न्यूटन प्रति सेंटीमीटरमध्ये मोजतात (पुढे थोडक्यात नुसतं ‘न्यूटन’ म्हटलं आहे). मापक सपाट काचेवर ठेवून आधी त्याचं वाचन जुळवून घ्या. मग फ्रेमच्या काठापासून थोडं आत, चार कोपऱ्यांजवळ आणि मधोमध, अशा पाच ठिकाणी मोजा. प्रत्येक ठिकाणी मापक एकदा उभ्या धाग्यांच्या दिशेने आणि एकदा आडव्या धाग्यांच्या दिशेने ठेवायचा. पाच ठिकाणच्या आकड्यांत एक-दोन न्यूटनांचा फरक चालतो. पाचांचा असेल तर ती फ्रेम एकरंगी ठळक कामाला ठेवा.

पॉलिएस्टर जाळीवर हाताने होणाऱ्या नेहमीच्या छपाईला साधारण २० ते २५ न्यूटन ताण पुरतो. वरची मर्यादा मात्र जाळीच्या धाग्यावर अवलंबून असते. सेंटीमीटरला ४३ धागे असलेली जाड सुताची जाळी जितका ताण सोसते, तितका सेंटीमीटरला १२० धागे असलेली बारीक सुताची जाळी सोसेलच असं नाही. जाळी बनवणारे प्रत्येक नंबरसाठी, म्हणजे धाग्यांच्या प्रत्येक संख्येसाठी, ताणाची शिफारस छापतात. तो कागद मागून घ्या आणि ताणायच्या टेबलाजवळ लावा.

खर्चाचा हिशोब कसा मांडावा

बाहेर दिल्यास एका फ्रेमला किती पडतात आणि रोलमधून कापलेली जाळी कितीला पडते, एवढीच तुलना केली तर स्वतः ताणणं नेहमीच स्वस्त दिसतं. पण त्यात कापून टाकावी लागणारी जाळी धरलेली नसते. ५० बाय ६० सेंटीमीटरच्या फ्रेमचं बाहेरून क्षेत्रफळ ०.३० चौरस मीटर भरतं. क्लॅम्पमध्ये (जाळीचे काठ पकडून ओढणाऱ्या चिमट्यांत) धरायला चारही बाजूंना १० सेंटीमीटर जास्तीची जाळी लागली, तर तुकडा ७० बाय ८०, म्हणजे ०.५६ चौरस मीटरचा होतो. जवळजवळ अर्धी जाळी कापून फेकली जाते. मोठ्या टेबलावर काम करणारे अशा चार फ्रेम्स मधे थोडी फट सोडून शेजारी शेजारी मांडून एकाच जाळीखाली ताणतात. त्यांना १.८१ चौरस मीटरच्या आसपास पुरतं, तर एकेक करून ताणणाऱ्याला चार फ्रेम्सना २.२४ चौरस मीटर लागतं.

याशिवाय कंप्रेसर, क्लॅम्प आणि टेबलाची जागा धरा. जुनी जाळी आणि गोंद काढण्याचे तास धरा, कारण सगळ्यांत जास्त वेळ तिथेच जातो. शिकताना फाटणारी जाळीही धरा. दुसऱ्या बाजूला, बाहेर देताना ने-आणीचा खर्च, वाटेत फाटणाऱ्या स्क्रीन्स आणि फ्रेम परत येईपर्यंत अडलेलं काम मोजा. हा शेवटचा आकडा लोक मांडतच नाहीत, आणि घाईच्या कामात तोच सगळ्यांत मोठा ठरतो.

माझ्या मते महिन्याला पाच-सहा फ्रेम्सच बदलाव्या लागत असतील तर बाहेर देणंच बरं. इतक्या कमी कामात हात बसत नाही, आणि हात न बसलेल्या माणसाने ताणलेल्या फ्रेम्स कधीच एकसारख्या होत नाहीत. आठवड्यालाच आठ-दहा फ्रेम्स येत असतील, किंवा जाळीचे नंबर वारंवार बदलावे लागत असतील, तर स्वतःची सोय करायला हरकत नाही.

बाहेर देताना काय सांगावं

‘एकशे वीसची जाळी लावून द्या’ एवढं सांगून फ्रेम सोपवू नका. १२० हा आकडा सेंटीमीटरचा की इंचाचा, इथूनच घोटाळा सुरू होतो. इंचाला १२० धागे म्हणजे सेंटीमीटरला साधारण ४७, आणि दोन्ही जाळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेखी द्या: सेंटीमीटरला किती धागे, धाग्याची जाडी किती मायक्रॉन, जाळी पांढरी की पिवळी, ताण किती न्यूटन, आणि तुम्ही शाई व धुलाईची रसायनं कोणती वापरता. शेवटची गोष्ट गोंदासाठी लागते. काही गोंद तेज सॉल्व्हंटपुढे टिकत नाहीत आणि चार धुलायांत जाळी काठापासून सुटायला लागते.

पिवळ्या जाळीबद्दल दोन शब्द. पांढऱ्या धाग्यावरून प्रकाश इमल्शनमध्ये आडवा पसरतो आणि बारीक रेषांच्या कडा खातो. पिवळा रंग हा पसरलेला प्रकाश शोषून घेतो. बारीक अक्षरं आणि हाफटोनसाठी (बारीक ठिपक्यांनी छटा दाखवणाऱ्या चित्रांसाठी) पिवळीच घ्या, फक्त एक्स्पोजरची (इमल्शनला प्रकाश देण्याची) वेळ वाढवावी लागते.

फ्रेम हातात आली की त्याच दिवशी मोजा. धागे फ्रेमच्या बाजूंना समांतर आहेत का, गोंद सलग आहे का, आतल्या कडेला कुठे जाळी उचललेली तर नाही ना, हे उजेडाकडे धरून पाहा. ताण दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पॉलिएस्टर ताणल्यानंतर पहिल्या चोवीस तासांत थोडं सैलावतंच, त्यामुळे करार करताना ‘चोवीस तासांनंतरचा ताण’ असं म्हणून आकडा ठरवा. नाहीतर त्यांचा आकडा टेबलावरचा आणि तुमचा आकडा छपाईच्या दिवशीचा, असा वाद होत राहतो.

स्वतः ताणताना

इथे अॅल्युमिनियमची फ्रेम, पॉलिएस्टर जाळी आणि हवेच्या दाबावर चालणारे क्लॅम्प गृहीत धरले आहेत. लाकडी चौकटीवर हाताने ओढून स्टेपल मारण्याची पद्धत शिकण्यापुरती ठीक आहे. त्यात ताण कमी मिळतो, असमान मिळतो, आणि पाणी लागून लाकूड वाकलं की उरलेलाही जातो.

१. फ्रेम तपासा. ती सपाट काचेवर ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगली तर चौकट पिळलेली आहे. तिच्यावर जाळी वाया घालवू नका.

२. जुनी जाळी आणि गोंद काढा. जाळी कापून ओढून काढा, गोंदाचे थर खरवडा आणि ग्राइंडरवर सँडिंगची चकती लावून पृष्ठभाग सपाट पण किंचित खरखरीत करा. आरशासारख्या गुळगुळीत अॅल्युमिनियमवर गोंद धरत नाही. आतल्या-बाहेरच्या धारा आणि कोपरे कानशीने बोथट करा, जाळी तिथेच फाटते. भुकटी उडते, म्हणून मास्क आणि चष्मा लावा. शेवटी अॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर त्या बाजूला बोट लावू नका.

३. जाळी कापा. कात्री धाग्याच्या ओळीने चालवा, तिरकी जाऊ देऊ नका. धागे फ्रेमला समांतर नसतील तर ताण एका दिशेने नीट बसत नाही.

४. क्लॅम्पमध्ये धरा. जाळी समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने, सुरकुती न पडता बसवा. कोपऱ्यांत मुद्दाम थोडी ढिलाई ठेवा, म्हणजे शेवटच्या क्लॅम्पपाशी जाळी किंचित कोपऱ्याकडे सरकवून मग पकडा. कोपऱ्यात दोन्ही दिशांचा ताण एकत्र येतो. ही ढिलाई ठेवली नाही तर ताण वाढवता वाढवता जाळी तिथून उभी चिरत जाते, आणि मग हवा सोडून पहिल्यापासून सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नसतं.

५. ताण टप्प्याटप्प्याने चढवा. सगळ्या कामात महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त घाई केली जाणारी पायरी हीच. २५ न्यूटन हवे असतील तर आधी १५-१६ पर्यंत न्या आणि दहा मिनिटं थांबा. मोजा, आकडा उतरलेला दिसेल. मग २० च्या पुढे न्या, पुन्हा थांबा. मग २५ च्या थोडं वर नेऊन परत दहा मिनिटं. या थांबण्यात धागे एकमेकांवर बसतात आणि पॉलिएस्टर आपली सुरुवातीची सैल टेबलावरच देऊन टाकतं. थेट २५ वर नेऊन लगेच गोंद लावलात तर तीच सैल फ्रेमवर येते. क्लॅम्प चढत असताना जाळीवर वाकून उभं राहू नका, ती फाटली तर जोरात उसळते.

हा जोर किती असतो, हे ध्यानात घेतलं तर फ्रेम मजबूत का हवी, ते पटतं. २५ न्यूटन प्रति सेंटीमीटर म्हणजे ६० सेंटीमीटरच्या एका बाजूवर १५०० न्यूटन, सुमारे दीडशे किलो वजनाइतका ओढा. पातळ पाइपची बाजू आत वाकते आणि वाकली की मधला ताण उतरतो. फ्रेमलाच टेकून ओढणारे क्लॅम्प ही वाक ताणतानाच देऊन टाकतात, म्हणून त्यांच्यावरून काढलेल्या फ्रेमचा ताण नंतर फारसा उतरत नाही. एका जाळीखाली चार फ्रेम्स ताणताना तसा टेका मिळत नाही, तिथे आकडा थोडा चढाच ठेवावा लागतो.

६. गोंद लावा. जाळी फ्रेमला सगळीकडे टेकलेली हवी. टेकत नसेल तिथे आतल्या बाजूने लोखंडी पट्ट्या ठेवून दाबा. सायनोअॅक्रिलेट गोंद (सुपरग्लूच्या जातीचा) अॅक्टिव्हेटरसह, म्हणजे तो लवकर धरवणाऱ्या द्रवासह, मिनिटांत धरतो. दोन भाग मिसळून करायचा गोंद जास्त वेळ घेतो, पण सॉल्व्हंटला चांगला टिकतो. टेबल तितका वेळ अडून राहतं, हेही हिशोबात धरा. गोंद जाळीतून खाली उतरून धातू ओला दिसला पाहिजे. पांढुरके ठिपके दिसले तर तिथे हवा अडकली आहे, पुन्हा गोंद घासा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. सायनोअॅक्रिलेटसाठी सुती हातमोजे अजिबात नकोत, सुतावर सांडला तर तो तापतो आणि भाजू शकतं. नायट्राइलचे वापरा.

७. सोडा आणि कापा. डब्यावर लिहिलेली वेळ पूर्ण झाल्यावरच हवा हळूहळू सोडा. जास्तीची जाळी बाहेरच्या कडेने कापा, कापलेल्या काठावर गोंदाचा एक हात द्या.

८. नोंद करा. चौकटीवर जाळीचा नंबर, धाग्याची जाडी, ताण आणि तारीख न पुसणाऱ्या पेनने लिहा. बहुरंगी कामाची फ्रेम चोवीस तास विसावू द्या, पुन्हा मोजा, दुसरा आकडाही लिहा. एका कामाचे सगळे रंग शक्यतो एकाच दिवशी ताणलेल्या, दोन न्यूटनांच्या आत जुळणाऱ्या फ्रेम्सवर काढा.

मधले मार्ग

रोलर फ्रेममध्ये चौकटीच्या बाजू फिरतात आणि पान्याने ताण वाढवता येतो. तिला गोंद लागत नाही, आणि वापरात उतरलेला ताण परत चढवता येतो. फ्रेम जड आणि महाग असते आणि जाळी बसवायला शिकावी लागते, पण रोज तेच रजिस्ट्रेशन हवं असणाऱ्याला ती उपयोगी पडते. काही फ्रेम्सना काठ बसवलेले तयार जाळीचे पॅनेलही मिळतात.

काम विभागून घेणंही चांगलं जमतं. जाड सुताच्या जाळ्या ताणताना चूक सोसतात आणि त्याच सारख्या लागतात, त्या स्वतः ताणा. सेंटीमीटरला शंभराच्या पुढच्या, हाफटोनच्या, धागे कोनात बसवायच्या फ्रेम्स बाहेर द्या. सुरुवात करताना एकाच मापाच्या, एकाच जाळीच्या काही फ्रेम्स स्वतः ताणा आणि तेवढ्याच बाहेर द्या. सगळ्यांवर तारीख टाकून आल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि पुढे प्रत्येक धुलाईनंतर ताण मोजून वहीत लिहीत जा. दोन-तीन महिन्यांनी दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहा, आणि कंप्रेसरची ऑर्डर त्यानंतरच द्या.