वर्षानुवर्षं घरच्यांचं केलं, आता स्वतःच पेशंट: या चुका टाळा

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घेणाऱ्यांमध्ये काही बायका लगेच ओळखू येतात. सासूबाईंचा पक्षाघात, सासऱ्यांचा स्मृतिभ्रंश, नवऱ्याचं डायलिसिस, असं काहीतरी अनेक वर्षं निगुतीनं केलेल्या. फाइल तारखेनुसार लावलेली, गोळ्यांची नावं तोंडपाठ. सगळ्यांना वाटतं, ही खंबीर आहे, निभावून नेईल. आणि दुसऱ्या-तिसऱ्या केमोनंतर याच बाई कोलमडतात, कारण उपचारांना आल्या तेव्हाच त्या निम्म्या संपलेल्या होत्या. स्वतःचं मागे ठेवायचं, कुरकुर करायची नाही, सगळं आपल्याच डोक्यात ठेवायचं, या सवयींवर घर चाललं. पेशंट झाल्यावर त्याच आड येतात.

"केमो आहे म्हटल्यावर थकवा येणारच"

येणारच. पण सगळं केमोच्या खात्यावर टाकलं की ज्याला उपाय आहे तेही राहून जातं. हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं, थायरॉइड मंदावलेला असू शकतो, बी-१२ कमी असू शकतं. "थकवा फार आहे, यासाठी काही तपासायला हवं का?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. हा थकवा नुसत्या झोपेनं उतरत नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज थोडं चालण्यानं उतरतो. दिवसभर पडून राहिलं तर उलट वाढतो.

मनाच्या थकव्याचंही वेळापत्रक असतं. केमोबरोबर बहुतेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याच्या जोरावर पहिले एक-दोन दिवस झोप उडते पण हुरूप असतो. बाई रात्री अकराला कपाट आवरायला घेते. त्याचा असर ओसरला की अनेकींना एकदम गळून गेल्यासारखं होतं, कारण नसताना रडू येतं. हे आधी माहीत नसेल तर 'आपण खचलो' असाच अर्थ निघतो. कॅलेंडरवर रोज रात्री ० ते १० मधला एक आकडा टाका, आज किती जड गेलं याचा. केमोच्या दोन सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) चढउतार दिसायला लागतो. मधले दिवसही जडच जात असतील, दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर हे नैराश्य असू शकतं. त्याला उपचार आहेत.

जबाबदारी अर्धीच सोडणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. डे-केअरमध्ये एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात फोन: "मावशी, निळ्या डबीतली, नाश्त्यानंतर, अर्धीच द्या. ती नाही हो, गोल असते ती." काम दुसऱ्याच्या हातात गेलं, काळजी मात्र हिच्याच डोक्यात राहिली.

सगळं एका कागदावर उतरवा. औषधं, वेळा, लघवीची पिशवी कधी बदलायची, बाबा चिडले की कशानं शांत होतात, हे सगळं. कागद फ्रिजवर चिकटवा. मग घरातलं एक नाव ठरवा, दीर असो वा नणंद, आणि मावशींचे फोन त्यांनाच जाऊ द्या. काम तुमच्यासारखं होणार नाही. पेज पातळ होईल, चादर उशिरा बदलली जाईल. होऊ दे.

याला वैद्यकीय कारणंही आहेत. ऑपरेशननंतर सर्जन परवानगी देईपर्यंत अंथरुणावरच्या माणसाला उचलणं, कुशीवर वळवणं बंद. टाक्यांवर ताण येतो, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला पुढे सूज येण्याचा धोका असतोच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, संसर्ग चटकन होऊ शकतो, तेव्हा डायपर आणि बेडपॅन दुसऱ्या कुणीतरी बघावं. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर घरीच क्रोसिन घेऊन रात्र काढू नका, तेव्हाच हॉस्पिटलला फोन करा.

घरी हे सांगायला जीभ रेटत नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. लेटरहेडवरच्या 'जड उचलू नये' या ओळीला आपल्या घरांमध्ये जे वजन असतं, ते सुनेच्या सांगण्याला नसतं. वाईट आहे, पण वापरून घ्या.

ब्यूरोची बाई परवडत नसेल तर हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांचा खर्च बसतो का, हेही तिथेच विचारा. बसला, तर वाचलेले पैसे मदतनीस ठेवायला लावा.

ओपीडीत "बरं आहे"

डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" उत्तर नवरा देतो किंवा ही म्हणते, "बरं आहे." दोन मिनिटं संपली. कॅलेंडर दाखवा आणि एकच वाक्य बोला: "मला मानसिक त्रास होतोय, कुणाशी बोलू?" परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत त्यासाठी वेगळे डॉक्टर असतात. तिथे जाण्यात वेडेपणाचा काही संबंध नाही, हे सोबतच्या नातेवाइकांनाही ऐकवा.

रागाची लाज बाळगणं

'ज्यांचं केलं ते उठून बसले आणि मी इथे' असा राग येतो. कधी तो माणूस गेलेला असतो. दिवस उरकले, पाठोपाठ बायोप्सी आली, रडायचं राहूनच गेलं. वर फोनवर सगळ्यांचं एकच पालुपद, पॉझिटिव्ह राहा. ताणामुळे स्तनाचा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि रडल्यानं केमोचा गुण कमी होत नाही. तेव्हा उसनं हसू आणायची गरज नाही. एखाद्या माणसापाशी तरी हा राग जसाच्या तसा बोला, आणि तो माणूस शक्यतो घराबाहेरचा असू द्या.

घरातल्या डब्यातली गोळी

सासूबाईंची झोपेची गोळी 'अर्धीच' घेणं सर्रास चालतं. घेऊ नका. टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनची गोळी चालू असेल तर आणखी जपा: पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं शरीरात टॅमॉक्सिफेनचं कार्यक्षम रूप पुरेसं तयार होऊ देत नाहीत. आधीपासून घेत असाल तर परस्पर बंदही करू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. अश्वगंधा वगैरेही दाखवूनच.

जगणं नकोसं वाटायला लागलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या कुणाला तरी त्याच वेळी जवळ बसवून घ्या.

"रेडिएशन झालं, आता मोकळी"

शेवटच्या रेडिएशननंतरही थकवा काही आठवडे टिकतो. हॉर्मोनच्या गोळ्या असतील तर त्या निदान पाच वर्षं असतात; सांधे दुखतात, घामाच्या लाटा येतात, चिडचिड होते. घरचे मात्र पेढे वाटून मोकळे होतात आणि औषधांचा डबा हळूच तुमच्याकडे सरकतो. मावशींना लगेच बंद करू नका. कॅलेंडरवरचा आकडा सलग महिनाभर खाली राहिला, की मग एकेक काम परत घ्या. उचलण्याचं काम शेवटी, तेही सर्जनना विचारून.