मुहम्मद तुघलकाचा पितळी टंका कसा तपासावा

दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने पितळेचं नाणं चांदीच्या टंक्याच्या (त्या काळच्या मुख्य नाण्याच्या) किमतीला चालवायची योजना काढली होती. असं नाणं हाती आलं की घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांनी अक्षरांच्या कडा झिजतात आणि मग साल वाचताच येत नाही. माती असेल तर रात्रभर डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, मऊ ब्रशने काढा, लगेच कोरडं करा.

आता वजन. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा सहज मिळेल. दिल्लीचा आधीचा सुलतान अल्तमश, त्याचा चांदीचा टंका सुमारे 11 ग्रॅमचा. मंगोलांना थोपवायला अलाउद्दीन खलजीने मोठी फौज पोसली, स्वाराचा वर्षाचा पगार 234 टंके ठेवला आणि तेवढ्यात भागावं म्हणून गव्हाचा भाव मणाला साडेसात जितल (टंक्याहून लहान नाणं) बांधला. टंक्याची चांदी मात्र घटवली नाही. ती तुघलकाने घटवली. त्याचं चांदीचं नाणं, अदली, सुमारे 9 ग्रॅमचं, आणि 1329-32 चा पितळेचा किंवा तांब्याचा टंकाही साधारण तेवढाच. धातूपेक्षा शिक्क्याला किंमत देण्याची ही रीत मंगोल राज्यांत आधीच होती: कुबलाई खानाच्या नोटा 1260 पासून चालल्या, तर इराणच्या गैखातूने 1294 मध्ये तब्रीझला काढलेल्या नोटांनी बाजार ठप्प केला आणि त्या दोनेक महिन्यांत मागे घ्याव्या लागल्या.

वाचन एका बाजूच्या कडेपासून सुरू करा. तिथे फारसीत टांकसाळ आणि हिजरी साल, तेही शब्दांत: ‘हफ्तसद सी’ म्हणजे 730. ‘तख्तगाह दौलताबाद’ (राजधानी दौलताबाद) दिसलं तर नाणं आपल्या देवगिरीचं. मधे अरबी वाक्य आहे: सुलतानाची आज्ञा पाळणारा परमेश्वराची पाळतो. पितळ स्वीकारा, हे इतक्या जोर देऊन सांगावं लागलं, हे मला फार बोलकं वाटतं. हिजरी सालाला 0.97 ने गुणून 622 मिळवा. एखाद्या वर्षाचा फरक धरा.

खोट्यांचे दोन प्रकार, त्यांची गल्लत करू नका. त्या काळीच घरोघरी पाडलेली नाणी वजनाला कमी, अक्षरं अडखळलेली. याच नाण्यांनी तुघलकाची योजना बुडवली, म्हणून तीही जपण्यासारखी. आजची ओतीव नक्कल वेगळी: कडेला साच्याची रेघ, भिंगाखाली बारीक छिद्रं, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत.

नागपूरच्या उन्हाळ्यात पीव्हीसीची पाकिटं चिकट होऊन नाण्यावर हिरवट थर आणतात. आम्लरहित कागद वापरा, पावसाळ्यात सिलिका जेल ठेवा. शेतात सापडलेलं नाणं असेल, तर 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.