चेहरा गोड येतो, पण बोलत नाही? स्त्रीचं पोर्ट्रेट काढताना या चुका टाळा

टपोरे डोळे, लांब पापण्या, रेखीव ओठ, गुळगुळीत गाल. पाहणारा "छान आहे" म्हणतो आणि पुढे सरकतो. ती कोण, तिच्या मनात काय चाललंय, असं विचारावंसंही त्याला वाटत नाही. चित्रात ढोबळ चूक एकही नसते, फक्त ती बाई त्यात नसते. डोक्यात आधीपासून ठाण मांडून बसलेली 'सुंदर बाई' समोरच्या बाईला बाजूला सारून कागदावर उतरलेली असते. खाली ज्या चुका दिल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा याच सवयीतून होतात.

डोळ्यांपासून सुरुवात

डोळा काढायला मजा येते, म्हणून हात आधी तिकडेच जातो. पाऊण तास एका डोळ्यावर घालवला की मग त्याला पुसायला जीव धजत नाही आणि उरलेलं डोकं त्या डोळ्याच्या मापाने खेचत बसावं लागतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं नाक-डोळ्यांना हातच लावू नका. डोक्याचा एकूण आकार, ते किती कललंय, मान कुठून निघते आणि खांद्यांची रेषा कुठे उतरते, एवढंच हलक्या हाताने एचबी पेन्सिलीने किंवा विलो चारकोलच्या (विलोच्या काडीचा मऊ कोळसा) टोकाने मांडा.

माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळ्यांची रेषा येते. नवशिके ती हमखास वर नेतात, कारण कपाळ आणि केस त्यांना 'रिकामी जागा' वाटते. मग माथा कापल्यासारखा दिसतो. केसांची जाडी कवटीच्या वर आणखी धरायची असते, हेही विसरलं जातं. चेहरा सरळ समोर असेल तर रुंदीत साधारण पाच डोळे बसतात आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याचं अंतर राहतं. ओठांच्या मधली रेषा नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंतच्या अंतरात वरून एक तृतीयांशावर येते.

ही मापं चुका पकडण्यासाठी आहेत, साच्यासारखी वापरायला नाहीत. पेन्सिल टेकवण्यापूर्वी या मापांपेक्षा समोरचा चेहरा कुठे वेगळा आहे, अशा तीन गोष्टी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: 'डोळ्यांत अंतर जास्त, डावी भुवई वर, हनुवटी आखूड.' चेहऱ्याची ठेवण या तीन ओळींत असते. चित्र पुढे सरकतं तसा हात नकळत या तिन्ही गोष्टी 'सुधारून' टाकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने यादी वाचायची. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या करण्याचा मोहही याच जातीचा. कोणाचाच चेहरा तसा नसतो, आणि तसा केला की तो मुखवटा दिसतो.

डोकं कललेलं असेल तर भुवया, डोळे, नाकाचं बूड आणि ओठ या चारही रेषा त्याच कलाने जातात. डोकं तिरकं आणि डोळे मात्र जमिनीला समांतर, ही चूक चित्र पूर्ण झाल्यावर दिसते आणि तेव्हा इलाज उरत नाही.

डोळा म्हणजे बदाम नव्हे

डोळा हा पापण्यांनी झाकलेला गोळा आहे. बदामाची बाह्यरेषा काढून आत बुबुळ बसवलं की तो स्टिकर दिसतो. दोन्ही पापण्यांना जाडी असते. खालच्या पापणीच्या काठावर उजेडाची बारीक पट्टी दिसते. ती सोडली तर डोळा ओलसर वाटतो. वरची पापणी डोळ्यावर सावली टाकते, म्हणून डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, करडा असतो आणि वरच्या बाजूला अधिक गडद. कागदाचा शुभ्र रंग तिथे तसाच ठेवला की बाई दचकलेली दिसते.

शांत डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. बुबुळ पूर्ण गोल दाखवून त्याच्या वर पांढरं सोडलं की भीती किंवा धक्का दिसतो. 'डोळे मोठे काढा म्हणजे सुंदर दिसतील' या समजुतीने कितीतरी शांत बायका चित्रात घाबरून बसल्या आहेत! चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत उजेडाच्या एकाच दिशेला द्या आणि अगदी शेवटी द्या. पापण्यांचे केस एकेक मोजून काढू नका. वरच्या काठाची रेषा बाहेरच्या कोपऱ्याकडे जाड करत नेली की पुरे.

नजर प्रेक्षकाकडे असलीच पाहिजे असंही नाही. चित्रकार अमृता शेर-गिल यांच्या १९३५ सालच्या 'तीन मुली' या चित्रात कोणीच आपल्याकडे पाहत नाही. झुकलेली नजर आणि बसण्याची ढब, यावरच सगळा भार आहे.

भाव फक्त ओठांवर चढवणं

इथे जरा थांबू, कारण इथेच पोर्ट्रेट जमतं किंवा फसतं. हसरा चेहरा हवा म्हणून ओठांची टोकं वर उचलली जातात आणि बाकीचा चेहरा जसाच्या तसा राहतो. फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचं काम प्रसिद्ध केलं. मनापासूनच्या हसण्यात ओठांची टोकं ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आखडतो, हे त्यांनी दाखवलं. कागदावर याचा अर्थ असा: गाल वर चढतो, खालची पापणी वर सरकून सपाट होते आणि बुबुळाची खालची कड थोडी झाकते, डोळ्याची फट अरुंद होते, वरचा ओठ ताणून पातळ होतो, नाकपुड्या किंचित रुंदावतात. टपोऱ्या उघड्या डोळ्यांखाली हसू काढलं तर ते जाहिरातीतलं हसू होतं.

उदासपणाचं उलटं. अख्खी भुवई बाहेरच्या बाजूला उतरती काढली की व्यंगचित्र होतं. खरी हालचाल भुवईच्या नाकाकडच्या टोकात असते. ते टोक वर उचललं जातं, दोन्ही टोकं जवळ येतात, त्याखालची पापणीची त्वचाही आतल्या कोपऱ्यात थोडी ओढली जाते. पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीइतका बदलही पुरतो. तपासायचं असेल तर नाकाखालचा भाग कागदाने झाका. नुसत्या वरच्या भागावरून भाव ओळखता आला नाही, तर तो चेहऱ्यात नाहीच, फक्त ओठांवर चिकटवलेला आहे.

आता ओठांचा कोपरा जवळून पाहा. तिथे रेषा ठिपक्यात संपत नाही. दोन ओठ आत वळतात, शेजारी गालाचा लहानसा उंचवटा येतो आणि मध्ये मऊ कडेची खोलगट सावली पडते. हा कोपरा टोकदार गडद रेषेने बंद केला की तोंड शिवल्यासारखं होतं. 'मोना लिसा'च्या ओठांचे कोपरे लिओनार्दोने धुरकट ठेवले, म्हणून ते हसू पक्कं पकडता येत नाही. पेन्सिलीत हे करायचं तर कोपऱ्यात आधी २बी या मऊ पेन्सिलीची छटा द्या, नीडेड इरेझरला (कणकेसारखा मळता येणारा खोडरबर) टोक काढून गालाकडची कड नुसती टिपून उचला आणि मग आतल्या बाजूला एकच गडद स्पर्श द्या. ओठांभोवती बाह्यरेषा नको. वरचा ओठ खाली झुकलेला म्हणून बहुधा गडद, खालच्यावर उजेड, त्याच्याखाली सावली, एवढ्यावर ओठ उभे राहतात. दात दिसत असतील तर सगळे मिळून एकच फिकट पट्टा धरा, कोपऱ्यांकडे काळवंडत नेलेला. दातांमधल्या रेषा काढल्या की कुंपण होतं.

रेषेने म्हातारी करणं

नाकपुडीपासून ओठाच्या कडेला उतरणारी घडी ही रेषा नसते, गालाचा उतार असतो. तिथे गडद रेघ ओढली की पंचविशीतली मुलगी पन्नाशीत जाते. तरुण चेहऱ्यात ती घडी छटेच्या हलक्या बदलाने दाखवा. वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या जरूर दाखवा, पण प्रत्येक सुरकुतीला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते. नुसत्या काळ्या रेघांनी चेहरा तडकलेल्या मातीसारखा होतो. सगळ्या सुरकुत्या सारख्याच जोराने काढू नका. तिच्या नेहमीच्या भावामुळे पडलेल्या दोन-तीन निवडा, बाकीच्या नुसत्या सुचवा.

घोटत बसणं

कागदी स्टम्प (छटा पसरवायची कागदाची घट्ट गुंडाळी) हातात आला की सगळा चेहरा घोटला जातो आणि साबणाच्या वडीसारखा होतो. बायकांची त्वचा मऊ दाखवायची म्हणून हे जास्तच होतं. मऊपणा घोटण्यातून येत नाही, कडांच्या फरकातून येतो: कुठे कड तीक्ष्ण, कुठे मऊ, कुठे पूर्ण हरवलेली. डच चित्रकार व्हर्मीरच्या साधारण १६६५ च्या 'मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी' या चित्रात नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेषाच नाही, दोन्ही एकाच रंगात मिसळले आहेत. तरी नाक दिसतं. तो मोती तर रंगाच्या दोन-चार स्पर्शांचा आहे.

डोळे किलकिले करून पाहा. जी कड त्यात विरते, ती चित्रातही विरू द्या. घोटायचंच असेल तर फक्त सावलीत घोटा, उजेडातल्या भागावर पेन्सिलीचे किंवा ब्रशचे फटकारे तसेच राहू द्या.

रंगात होणारी गफलत

'स्किन' नावाची तयार ट्यूब बाजूला ठेवा. स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न यांच्या नावाने ओळखला जाणारा चार रंगांचा संच पोर्ट्रेट शिकायला उत्तम: यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन हा शेंदरी लाल (आता त्याऐवजी कॅडमियम रेड), आयव्हरी ब्लॅक हा काळा आणि पांढरा. काळा-पांढरा मिसळून होणारा करडा उबदार त्वचेशेजारी निळसर भासतो, त्यामुळे वेगळा निळा क्वचितच लागतो.

चेहरा खडूसारखा झाला असेल, तर प्रत्येक छटा उजळायला तुम्ही पांढरा ओतलाय. टायटॅनियम व्हाइट हा पांढरा इतर रंगांना थंड, निळसर झाकेकडे नेतो. उजेडात आधी ऑकर वाढवा, पांढरा मोजून घाला आणि सगळ्यात फिकट छटा नाकाच्या शेंड्यासाठी, कपाळाच्या उंचवट्यासाठी राखून ठेवा. सावळी त्वचा म्हणजे तपकिरीत काळा, असं समजू नका. त्याने ती मातकट होते. बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांच्या मिश्रणातून सावली काढा. तिच्यावरची चमक बहुधा थंड, निळसर झाकेची असते, ती नीट पाहून द्या. नाक, कान आणि गाल इतर भागांपेक्षा थोडे लालसर ठेवले की चेहऱ्यात रक्त खेळतं.

जलरंग वाळल्यावर फिकट होतो, अॅक्रिलिक थोडा गडद होतो. तैलरंगात खालचे थर टर्पेन्टाइनने पातळ, वरच्या थरांत तेल जास्त. हा क्रम उलटला तर पुढे तडे जातात.

केस, मान, हात

केस म्हणजे आधी एक घनाकार, त्याचे उजेड-सावलीचे दोन भाग. सुट्या बटा शेवटी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कपाळ आणि केस यांची सीमा मऊ ठेवा, नाहीतर केसांचा टोप घातल्यासारखं वाटतं. मान सरळ खांबासारखी नसते, ती पुढे झुकून निघते. कानामागून गळ्याच्या खाचेपर्यंत उतरणारा स्नायू दाखवला की डोकं धडाला जोडलं जातं. हात चेहऱ्याजवळ असेल तर त्याच्या पंजाची लांबी हनुवटीपासून जवळजवळ केसांच्या रेषेपर्यंत येते. 'नाजूक' करण्याच्या नादात तो बाहुलीचा होतो.

फोटोवरून काढताना

हातभर अंतरावरून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, आणि तुम्ही ते इमानेइतबारे उतरवता. दीड-दोन मीटरवरून झूम करून फोटो घ्या. फ्लॅश आणि त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद. उजेड एकाच बाजूने, थोडा वरून. समोर बसवून काढत असाल तर वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं विश्रांती द्या. थकलेला चेहरा खाली उतरतो आणि तुम्ही सकाळी मांडलेला भाव दुपारी सापडत नाही.

अडलं तर

चित्र आरशात पाहा किंवा उलटं टांगा, सहा-आठ फूट मागे जा. काहीतरी बिघडलंय पण कळत नाही, तर बहुधा दुसऱ्या डोळ्याची पातळी किंवा डोक्याचा कल चुकलाय. चेहरा सपाट वाटत असेल तर चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो घ्या: सावल्या पुरेशा गडद नाहीत हे लगेच दिसेल. साम्य होतं आणि नंतर गेलं, तर शेवटी हात लागलेली जागा आठवा. बहुतेक वेळा ती ओठांचा कोपरा किंवा जबड्याची कड असते. तेवढाच भाग नीडेड इरेझरने उचला, तैलरंग असेल तर ओला असतानाच सुरीने खरवडून काढा आणि कोपऱ्यातल्या त्या तीन ओळी पुन्हा वाचून काढायला घ्या.