‘ला’, ‘ने’, ‘पासून’, ‘पर्यंत’: मराठीच्या वाटेने इंग्रजी प्रिपोझिशन्स शिकताना

लातूरमधील एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात एका पदवीधर विद्यार्थिनीने नोकरीच्या अर्जाचा मसुदा तपासण्यासाठी माझ्यापुढे ठेवला. त्यातील तीन वाक्यांखाली मी रेघ ओढली: ‘आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स फोर इयर्स’, ‘आय रीच्ड टू द फायनल राउंड’ आणि ‘आय कॅन जॉइन टिल फर्स्ट जुलै’. स्पेलिंगची एकही चूक नव्हती आणि अक्षर वळणदार होते. परंतु तिन्ही वाक्ये आधी मराठीत तयार झाली होती, आणि ‘पासून’, ‘ला’ व ‘पर्यंत’ यांच्या जागी शाळेत पाठ केलेला एकेक इंग्रजी शब्द बसवलेला होता.

खोक्यात चेंडू, खोक्यावर चेंडू, खोक्याखाली चेंडू हा धडा ज्यांचा पक्का झालेला आहे आणि तरीही अर्ज लिहिताना किंवा मुलाखतीत बोलताना ज्यांचा हात अडखळतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या टप्प्यावर इंग्रजी प्रिपोझिशन्सची आणखी एक लांब यादी पाठ करून फारसे काही साधत नाही. मराठीतील एकाच प्रत्ययाला इंग्रजीत तीन-चार वाटा फुटतात आणि कधी कधी तो पूर्णपणे गळून जातो. हे फाटे ओळखणे हेच आपले खरे काम आहे.

म्हणून प्रथम एक वही करावी आणि तिची पाने इंग्रजी शब्दांप्रमाणे न पाडता मराठी प्रत्ययांप्रमाणे पाडावीत. ‘ला’, ‘ने’, ‘त’, ‘वर’, ‘शी’, ‘पासून’, ‘पर्यंत’ यांना प्रत्येकी दोन पाने द्यावीत. एका आठवड्यात एकच प्रत्यय घ्यावा. दिवसभरात आपण स्वतः मराठीत जी वाक्ये बोललो, त्यांतील पाच वाक्ये त्या पानावर लिहावीत आणि समोर त्यांचे इंग्रजी लिहावे. पुस्तकातील वाक्यांपेक्षा आपल्या तोंडची वाक्ये अधिक उपयोगी पडतात, कारण चुका तिथेच होत असतात.

सुरुवात ‘पासून’ने करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक चुका याच शब्दावर होतात. ‘मी चार वर्षांपासून लातूरला राहते’ आणि ‘मी २०२१ पासून लातूरला राहते’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजी मात्र विचारते की, तुम्ही कालावधी सांगत आहात की आरंभबिंदू? कालावधी असेल तर ‘फॉर’ आणि आरंभबिंदू असेल तर ‘सिन्स’. याची कसोटी मराठीतच आहे. ‘पासून’ काढून ‘गेली’ हा शब्द लावून पाहावा. ‘गेली चार वर्षे मी लातूरला राहते’ हे वाक्य बरोबर वाटते, म्हणून तिथे ‘फॉर फोर इयर्स’ येईल. ‘गेले २०२१’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे ‘सिन्स २०२१’. त्याबरोबर क्रियापदही बदलते, हे विसरू नये: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर फोर इयर्स’. आणि सुरुवात व शेवट अशी दोन्ही टोके सांगायची असतील, तर ‘सोमवारपासून शनिवारपर्यंत’ म्हणजे ‘फ्रॉम मंडे टू सॅटर्डे’.

‘पर्यंत’ची कसोटीही अशीच घरची आहे. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ ही वाक्ये शेजारी ठेवून ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालावे. ‘शुक्रवारच्या आत अर्ज द्या’ हे अर्थाला धरून आहे, कारण अर्ज त्याआधी केव्हाही एकदा देऊन मोकळे होता येते. अशा वेळी ‘बाय फ्रायडे’ म्हणावे. ‘शुक्रवारच्या आत थांबा’ याला अर्थच उरत नाही, कारण थांबणे मधल्या साऱ्या काळात चालू राहते. तिथे ‘अनटिल’ किंवा ‘टिल फ्रायडे’ हवे. अर्जातील वाक्य ‘आय कॅन जॉइन बाय फर्स्ट जुलै’ असे व्हायला हवे होते. अंतर असेल तर ‘बाय’ आणि ‘टिल’ हे दोन्ही मागे पडतात आणि ‘परभणीपर्यंत’ म्हणजे ‘ॲज फार ॲज परभणी’ होते.

‘ला’ हा सर्वांत फसवा प्रत्यय आहे. ‘नांदेडला जातो’ यात ‘टू’ येतो. ‘नांदेडला राहतो’ यात ‘इन’. ‘पाचला भेटू’ यात ‘ॲट’. आणि ‘नांदेडला पोहोचलो’ यात काहीच नाही, कारण ‘रीच’ या क्रियापदाला प्रिपोझिशनचा आधार लागत नाही. ‘ॲराइव्ह’ वापरले तर मात्र शहरासाठी ‘इन’ आणि स्टेशनसाठी ‘ॲट’ लागतो. आधार न लागणाऱ्या क्रियापदांची वहीत वेगळी नोंद ठेवावी: ‘डिस्कस’, ‘एंटर’, ‘मॅरी’, ‘रीच’. मराठीत आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, खोलीत प्रवेश करतो आणि कोणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’, खोलीसाठी ‘एंटर इन’ आणि ‘मॅरी विथ’ हे ओघाने तोंडात येतात. तिन्ही चूक आहेत.

‘ने’ला तुलनेने थोडा वेळ पुरतो. ‘वापरून’ हा शब्द बसत असेल आणि वस्तू हातातील साधन असेल, तर ‘विथ’: ‘विथ अ पेन’. प्रवासाचे वाहन असेल तर ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. परंतु वाहनाआधी ‘माझ्या’ किंवा ‘त्याच्या’ आले की ‘बाय’ मागे पडतो आणि ‘इन माय कार’, ‘ऑन हिज मोटारसायकल’ असे म्हणावे लागते.

स्थळाच्या बाबतीत आपल्या भागातील बोलणेच उदाहरणे पुरवते. आपण ‘स्टँडवर उभा आहे’ म्हणतो, पण ‘ऑन द बस स्टँड’ म्हटले तर इंग्रजी ऐकणाऱ्याला एखाद्या वस्तूच्या पृष्ठभागावर चढून उभे राहिल्यासारखे वाटेल. तिथे ‘ॲट’ हवा. लग्नात भेटलो, तेही ‘ॲट द वेडिंग’. बसमध्ये बसलो की ‘ऑन द बस’ आणि मोटारीत बसलो की ‘इन द कार’. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला बहुधा ‘ऑन’ लागतो, एवढी खूण पुरेशी आहे. नांदेड गोदावरीच्या काठी आहे, हे इंग्रजीत ‘नांदेड इज ऑन द गोदावरी’ असे सांगतात. शहर पाण्यावर तरंगते असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही.

काळासाठी आपल्या सर्वांना पाठ असलेली एक तारीख हाताशी ठेवावी. मराठवाडा मुक्त झाला ‘इन १९४८’, ‘इन सप्टेंबर’, आणि ‘ऑन १७ सप्टेंबर’. मुक्तिसंग्रामदिनाचे झेंडावंदन सकाळी असते, म्हणून ‘इन द मॉर्निंग’. परंतु सकाळीला दिवस किंवा तारीख जोडली की ‘ऑन द मॉर्निंग ऑफ १७ सप्टेंबर’ असे होते. घड्याळातील वेळेला ‘ॲट’, आणि रात्रीलाही ‘ॲट नाइट’.

प्रत्ययांची पाने भरत आली की उलट भाषांतर सुरू करावे. इंग्रजी वृत्तपत्रातील सहा-सात ओळींचा उतारा घ्यावा, त्याचे चांगल्या मराठीत भाषांतर करावे आणि मूळ उतारा बाजूला ठेवून द्यावा. दोन दिवसांनी केवळ मराठीवरून तो पुन्हा इंग्रजीत लिहावा आणि मुळाशी ताडून पाहावा. जिथे जिथे प्रिपोझिशन वेगळे आले, तेवढेच लाल शाईने खुणावून त्या प्रत्ययाच्या पानावर उतरवावे. हा अभ्यास कंटाळवाणा वाटतो, परंतु माझ्या अनुभवात याच्याइतका गुण दुसऱ्या कशानेच येत नाही.

शंका आली तर शब्दकोशात ‘ऑन’ किंवा ‘ॲट’ शोधत बसू नये. त्यांचे अर्थ वाचून गोंधळ वाढतो. ज्या शब्दाला ते चिकटते तो शब्द काढावा. ‘अफ्रेड’ उघडले की उदाहरणांत ‘ऑफ’ सापडतो, ‘गुड’खाली ‘ॲट’, ‘वेट’खाली ‘फॉर’. वहीतही ‘वेट’ एकटा न लिहिता ‘वेट फॉर द बस’ असा अख्खा तुकडा लिहावा आणि तो मोठ्याने, एका दमात वाचावा. त्या विद्यार्थिनीने जूनमध्ये अर्ज नव्याने लिहिला, तेव्हा ‘रीच्ड’नंतरचा ‘टू’ तिने माझ्याकडे येण्याआधी स्वतःच खोडलेला होता.