एजंटसाठी टूलची डिस्क्रिप्शनं लिहिताना मी खाल्लेली माती

मी बडोद्याची, घर दांडिया बाजारात, घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि ऑफिसात सगळ्याची भेळ. चार वर्षं टेस्टिंग केलं, त्यातली बरीचशी सेलेनियमवर (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करायचं टूल), मग आमची टीम एआय एजंटच्या, म्हणजे स्वतःच एकेक पाऊल टाकून काम पुरं करणाऱ्या मॉडेलच्या, कामाकडे वळली आणि मला सांगण्यात आलं की ब्राउझरच्या टूल्सची (एजंट ज्या फंक्शन्सनी क्लिक वगैरे करतो त्यांची) डिस्क्रिप्शनं तू लिही, तुला वेबपेजं कशी वागतात ते माहितीये. मला वाटलं दोन-दोन ओळी तर लिहायच्यात, जेवायच्या सुट्टीपर्यंत होईल. तीन आठवडे लागले.

नवीन असाल तर आधी हे डोक्यात बसवा की मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. एमसीपी घ्या, म्हणजे मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायला अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये आणलेला प्रोटोकॉल, त्यात मॉडेलपुढे जातं ते मुख्यतः टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि कुठले इनपुट द्यायचे त्याचा जेसन स्कीमा, म्हणजे साचा. फंक्शनच्या आत केलेली हुशारी आतच राहते.

माझं पहिलं डिस्क्रिप्शन क्लिकच्या टूलचं होतं, "एलिमेंटवर क्लिक करतं" (एलिमेंट म्हणजे पेजवरचं बटण, लिंक असं काहीही). सीनियरने वाचलं आणि शांतपणे विचारलं, "पण एने केवी रीते खबर पडे?" (म्हणजे, पण मॉडेलला कळणार कसं?) मी म्हटलं स्कीमात रेफ, म्हणजे एलिमेंटचा ओळखक्रमांक, लिहिलंय की. सीनियरचा पुढचा प्रश्न, मग तो रेफ आणायचा कुठून, ते कुठे लिहिलंयस?

झालं असं होतं की आमच्याकडे दोन टूल्स होती, स्नॅपशॉट आणि स्क्रीनशॉट. स्नॅपशॉट म्हणजे पेजचा अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री (स्क्रीन रीडर वाचतात ती पेजची रचना) टेक्स्टमध्ये येतो, बटण, लिंक, टेक्स्टबॉक्स, आणि प्रत्येकाला ई12 असा एक रेफ मिळतो, तो देऊन क्लिक करायचं. स्क्रीनशॉट म्हणजे नुसता फोटो. आणि मी दोन्हीला एकच वाक्य चिकटवलेलं, "पेजची सध्याची स्थिती देतं"! एजंट बिचारा फोटो काढायचा आणि मग रेफ मनानेच ठोकून द्यायचा. नंतर मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट एमसीपीची (एजंटला ब्राउझर चालवू देणाऱ्या तयार टूल्सच्या संचाची) डिस्क्रिप्शनं वाचायला घेतली तर तिथे स्क्रीनशॉटच्या टूलमध्येच सरळ लिहिलेलं की यावरून कृती करता येणार नाही, त्यासाठी स्नॅपशॉट वापरा. कपाळावर हात मारला.

मग क्लिकचं नवीन लिहिलं (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठी करून देतेय): "शेवटच्या स्नॅपशॉटमधल्या एका एलिमेंटवर क्लिक करतं. रेफ त्याच स्नॅपशॉटमधून घ्यावा, अंदाजाने बनवू नये. पेज बदललं असेल तर आधी नवा स्नॅपशॉट घ्यावा. ड्रॉपडाउनमधला पर्याय निवडायला हे टूल वापरू नये, त्यासाठी सिलेक्ट ऑप्शन आहे." यातली पेज बदलल्याची ओळ मला सगळ्यात शेवटी सुचली याची लाज वाटते, कारण सेलेनियममध्ये स्टेल एलिमेंटच्या एररशी (पेज बदलल्यावर आधी पकडलेलं एलिमेंट निकामी होतं तेव्हा येते ती) मी वर्षानुवर्षं भांडलेय, तोच प्रकार आहे हा.

काय करू नये ते लिहायला मात्र मला आजीनेच शिकवलं म्हणायचं. बडोद्यातल्याच मांडवीला तूप आणायला पाठवताना ती सांगायची, दुकान बंद असलं तर दुसऱ्याकडून घेऊ नकोस, तशीच परत ये. दुकानाचा पत्ता मी विसरायचे, हे वाक्य कधी विसरले नाही.

सगळ्यात मोठा घोळ फॉर्मचा झाला, नशीब की टेस्ट साइटवर. सबमिटचं टूल काम झाल्यावर काहीच परत द्यायचं नाही, रिकामं उत्तर, मग एजंटला वाटलं झालंच नाही आणि त्याने परत सबमिट केलं, मग परत. एका अर्जाच्या तीन पावत्या. मी डिस्क्रिप्शनमध्ये "एकदाच वापरावं" घातलं, थोडा फरक पडला, पण खरा उपाय म्हणजे टूलमधूनच पावती नंबर परत द्यायला लागलो आणि डुप्लिकेट अर्ज कोडमध्येच अडवला. डिस्क्रिप्शन म्हणजे सूचना, कुलूप नव्हे. एमसीपीमध्ये टूल नुकसान करू शकतं असं सांगणारं डिस्ट्रक्टिव्ह हिंट आहे, पण नावातच हिंट आहे ना, पैसे किंवा डिलीट असेल तिथे त्याच्या भरवशावर राहू नका.

यानंतर मी घाबरून प्रत्येक टूलला अर्धं पान लिहायला लागले. ही दुसरी चूक, कारण ही सगळी डिस्क्रिप्शनं साधारणपणे प्रत्येक वेळी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित जागेत) जातात, वीस टूल्सची वीस अर्धी पानं म्हणजे कामाचं काही उरायच्या आधीच गर्दी. फॉरमॅटच्या गोष्टी पॅरामीटरच्या, म्हणजे एकेका इनपुटच्या, डिस्क्रिप्शनमध्ये ढकलायच्या, तारखेला "2025-04-07 अशी" एवढं उदाहरण पुरतं. आणि एरर मेसेजही तुम्हीच लिहा, "रेफ सापडला नाही" ऐवजी "रेफ जुना झालाय, नवा स्नॅपशॉट घ्या".

सुरुवात करायची तर प्लेराइट एमसीपी लावा, एखादी डेमो साइट घ्या, दहा-बारा छोटी कामं ठरवा, आणि एका वेळी एकच ओळ बदलून सगळी परत चालवा. मी एकदा पाच ओळी एकदम बदलल्या, रिझल्ट सुधारला, पण कुठल्या ओळीने ते अजून माहीत नाही, त्यामुळे त्या पाचही तशाच पडून आहेत आणि काढायची माझी हिंमत होत नाही.