क्लास सुरू होण्याआधी एक सर्व्हे नंबर धरा

पणजीत शनिवार-रविवारचा प्रॉपर्टी गुंतवणुकीचा कोर्स लावला असेल, तर फी भराल त्याच दिवशी एखादा प्लॉट हेरून ठेवा. घ्यायचा नाही, अभ्यासायचा. डिचोली, पेडणे, फोंडा, कुठलाही चालेल; फक्त स्कूटरने तासाभरात पोचता आलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात जाणं बंद होतं.

वहीच्या पहिल्या पानावर त्याचा सर्व्हे नंबर लिहा. वर्गात ज्या कागदाचं नाव निघेल, तो कागद त्याच आठवड्यात त्या नंबराचा काढायचा. सुरुवात एक-चौदाच्या उताऱ्यापासून, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यापासून. सगळ्यांची नजर मालकाच्या नावावर जाते. तुम्ही कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना आधी वाचा. 1975 च्या कायद्यामुळे मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या भाटात (बागायती जमिनीत) मालकाच्या संमतीने घर करून राहणाऱ्याला, सहज उठवता येत नाही, उलट राहतं घर विकत घ्यायचा हक्क त्याला मिळतो. रकाना रिकामा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. जागेवर जाऊन चूल कुठे पेटते ते बघा.

मालकाच्या नावातही गाठ असते. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या इथल्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक, म्हणून विक्रीखतावर दोघांची सही लागते. जमीन अजून आजोबांच्याच नावावर असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झाली का, ते विचारा. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर शिकवणारे सर इथे अडखळतात. त्यांना हा उतारा दाखवा, वर्गालाही मजा येईल.

झोनिंगचा दाखला (जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते त्याचा) आणि सनद (बिनशेतीची परवानगी), दोन्ही बघायचे. प्रादेशिक आराखड्यात सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा पट्टा, दिसलं म्हणजे बिनशेती झालंच, असं नाही.

पाहणी एकदा मे महिन्यात करा, एकदा जुलैत. मी मेमध्ये पाहिलेला एक प्लॉट कोरडा ठणठणीत होता, कोपऱ्यात काजूचं झाड, दलाल खुशीत. जुलैत सहज गेलो तर चप्पल चिखलात रुतून राहिली. शेजारची बाई अंगणातूनच म्हणाली, "पावसांत हांगा वाट ना, बाबा." कुठल्याही उताऱ्यावर हे लिहिलेलं नव्हतं. तेव्हा गमबूट, मोजपट्टी आणि शेजाऱ्यांशी बोलायला अर्धा तास, हे यादीत हवंच.

फ्लॅटचा विचार असेल तर रेरा नोंदणी, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडची नोंद, तपासा. प्लॉट 500 चौरस मीटरपर्यंतचा किंवा फ्लॅट आठपर्यंतच असले तर नोंदणीची सक्ती नसते, आणि आपल्याकडे अशा छोट्या इमारती पुष्कळ. नोंदणी असेल तिथे करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. भाड्याचा हिशेब मांडताना पावसाळ्यातले रिकामे महिने आणि सोसायटीचा खर्च आधी वजा करा.

राहिला वकील. नोंदणीचे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये असतात. ते वाचता येणारा माणूस कोर्स चालू असतानाच गाठून ठेवा, सौद्याच्या घाईत तो मिळत नाही.