पद्मिनीचा फ्युएल पंप: माझा अनुभव

बाबांची १९८४ सालची प्रीमिअर पद्मिनी गायमुख घाटाच्या चढावर दोनदा बंद पडली. सगळे म्हणाले, व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो, पंपावर ओलं फडकं टाक. टाकलं, तेवढ्यापुरती सुरूही झाली. पण पुढच्या रविवारी पहाटेच्या गारव्यातही तेच झालं, तेव्हा शंका आली. ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढली तर ऑइलला पेट्रोलचा उग्र वास. म्हणजे पंपातला लवचिक पडदा, डायफ्राम, फाटून पेट्रोल थेट इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं. अशी गाडी चालवत राहिलं तर ऑइल पातळ होऊन बेअरिंगं जातात.

बॅटरीची वायर काढली, टाकीकडून येणारा पाइप बंद केला, दोन नट सोडून पंप उतरवला. उघडण्याआधी दोन्ही भागांवर खिळ्याने एक सलग रेघ ओढली, म्हणजे जोडताना तोंडं चुकत नाहीत. डायफ्राम मधल्या वॉशरच्या कडेला नखाएवढा चिरला होता, बाकी धडधाकट!

नवा बसवताना स्क्रू आधी सैल ठेवले, लिव्हर पूर्ण दाबून धरला आणि मग समोरासमोरचे आवळत गेलो. नाहीतर डायफ्राम ताणलेला राहतो आणि लवकर फाटतो. पॅकिंग जुन्याच जाडीचं घेतलं. ऑइल बदललं.

परवा घाट न थांबता चढलो. बाबा शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते.